आतड्याची तात आणि कृत्रिम तार : टिकाऊपणाचा प्रश्न

तंतुवाद्यांविषयी लिहिताना लाकूड, चामडे, भोपळा आणि घडण यांचा विचार विस्ताराने केला जातो. तारेचा विचार मात्र बहुधा एखाद्या वाक्यात आटोपला जातो. वस्तुतः नाद प्रथम उत्पन्न होतो तो तारेत. वाद्याचा उरलेला सर्व देह त्या नादाला मोठा करण्याचे आणि त्याला विशिष्ट रंग देण्याचे काम करतो. त्याचप्रमाणे वाद्याच्या सर्व भागांमध्ये सर्वांत आधी झिजते तीही तारच. चांगल्या लाकडातून कोरलेली सारंगी तीन पिढ्यांच्या हातांतून जाऊ शकते. तिच्यावरची तात मात्र काही महिन्यांत, आणि रोजचा रियाझ मोठा असेल तर काही आठवड्यांतच, बदलावी लागते. तार किती टिकते, ती का तुटते किंवा का बिघडते आणि तिच्या जागी दुसऱ्या द्रव्याची तार लावल्यास काय मिळते व काय गमवावे लागते, या प्रश्नांचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

या विचारासाठी लखनौ हे शहर अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. गोमती नदीच्या पूर्वेस वसलेल्या गोमती नगर या वसाहतीच्या विपिन खंडात उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमी आहे. तिची स्थापना १९६३ मध्ये झाली. तिच्या प्रेक्षागृहाला संत गाडगे महाराजांचे नाव दिलेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला आवर्जून सांगण्यासारखी आहे. नदीच्या अलीकडे, कैसरबागेत, पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज उभे राहिले. १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याचे प्राचार्यपद सांभाळले. हीच संस्था पुढे भातखंडे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०२२ पासून ती राज्य विद्यापीठ आहे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ज्यांच्या तबल्याने मराठी रसिकांना वेड लावले, ते उस्ताद अहमदजान थिरकवा उत्तरायुष्यात याच संस्थेत शिकवीत होते. त्याच मंडळीत कादरबक्ष यांची सारंगी वाजत असे. महाराष्ट्राच्या रंगभूमीवरची सारंगी आणि लखनौची सारंगी या एकाच परंपरेच्या दोन शाखा होत्या, हे यावरून ध्यानात येईल.

लखनौचा दुसरा विशेष म्हणजे तेथील हवा. मे-जूनमध्ये तेथे उष्ण व कोरडी लू वाहते, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत हवा पाण्याने जड झालेली असते, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुके पडते. एकाच वर्षात कमालीचा कोरडेपणा आणि कमालीचा दमटपणा यांना तोंड देणाऱ्या तातीची जी परीक्षा होते, ती समशीतोष्ण देशांतल्या वादकांना सहसा ठाऊक नसते. 

तात कशी तयार होते

तात ही मेंढीच्या किंवा बकरीच्या लहान आतड्यापासून तयार करतात. इंग्रजी नावामुळे ती मांजराच्या आतड्याची असावी असा समज पुष्कळांचा होतो. त्याला आधार नाही. मेंढीचे लहान आतडे वीस मीटरहून अधिक लांब असते, आणि त्याच्या भित्तिकेत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट तंतू जाळ्याप्रमाणे विणलेले असतात. जनावर मारल्यानंतर आतडे कुजू लागण्यापूर्वीच ते धुऊन घ्यावे लागते. त्यानंतर ते क्षारयुक्त पाण्यात भिजवून, वरची चरबी आणि आतील मऊ अस्तर खरवडून काढतात. जे चिवट पापुद्रे उरतात त्यांच्या लांब पट्ट्या कापून, हव्या त्या जाडीप्रमाणे कमी-अधिक पट्ट्या एकत्र घेऊन, त्या ओल्या असतानाच पीळ देतात आणि ताणून वाळवतात. वाळताना पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांचा एकजीव दोर बनतो. शेवटी तो घासून गुळगुळीत व सर्वत्र सारख्या जाडीचा करतात.

या वर्णनावरून दोन गोष्टी लक्षात येतील. एक म्हणजे तात ही मुळात पुष्कळ तंतूंचा पिळलेला दोर आहे. धातूच्या तारेप्रमाणे ती एकसंध नाही. दुसरी म्हणजे तिचा कच्चा माल एका जिवंत प्राण्याच्या शरीरातून येतो; म्हणून कोणत्याही दोन ताती अगदी सारख्या नसतात. एखाद्या ठिकाणी जाडी किंचित कमी-अधिक झाली, तर तेथून स्वर खोटा लागतो. हा दोष वाद्यावर चढविण्यापूर्वी नजरेला दिसतोच असे नाही.

तातीचा उपयोग केवळ संगीतापुरता मर्यादित कधीच नव्हता. आपल्या गावोगावच्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला तातच लावलेली असे, आणि तिचा विशिष्ट टणत्कार जुन्या पिढीतील वाचकांच्या स्मरणात असेल. शस्त्रक्रियेत जखमा शिवण्यासाठी लागणारा दोरा तातीचाच असे. तो जंतुविरहित कसा करावा याविषयीचे जोसेफ लिस्टर यांचे प्रयोग १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले. टेनिसच्या रॅकेटचे जाळेही तातीचे. ते प्रथम फ्रान्समध्ये १८७५ मध्ये पियेर बाबोला यांनी केले, आणि त्यांचा मूळ धंदा वाद्यांच्या ताती बनविण्याचा होता. तातीचा धंदा अशा अनेक गिऱ्हाइकांवर उभा होता. ही गिऱ्हाइके एकामागून एक कृत्रिम धाग्यांकडे वळली, तेव्हा एकट्या वादकांच्या मागणीवर हा धंदा पूर्वीसारखा चालणे कठीण झाले. तातीच्या टंचाईचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.

ताण, लांबी आणि जाडी

तार का तुटते हे समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र आवश्यक आहे. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन यांनी १६३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तारेचे नियम मांडले. तारेची लांबी दुप्पट केली तर कंपनसंख्या निम्मी होते. ताण चौपट केला तर कंपनसंख्या दुप्पट होते. आणि तारेच्या प्रत्येक मीटरमागचे वजन चौपट केले तर कंपनसंख्या निम्मी होते.

या नियमांतून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. एखाद्या द्रव्याची तार ठरावीक लांबीवर किती उंच स्वरापर्यंत चढविता येईल, हे तिच्या जाडीवर अवलंबून नसते. जाड तार अधिक ताण सोसते हे खरे. परंतु ती तेवढीच जडही असल्याने त्याच स्वरासाठी तिला अधिक ताण द्यावा लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना छेद देतात. म्हणून तुटण्याची सीमा द्रव्याची ताकद आणि त्याची घनता यांच्या गुणोत्तरावरून ठरते. चांगल्या तातीच्या बाबतीत मीटरमधील लांबी आणि दर सेकंदाची कंपनसंख्या यांचा गुणाकार सुमारे २६० झाला की तात तुटते, असे अनुभवास येते. ‘पातळ तात तुटते, म्हणून जाड लावा’ हा सल्ला यामुळे बहुधा निरुपयोगी ठरतो.

आता दोन वाद्यांची तुलना करू. व्हायोलिनच्या सर्वांत वरच्या तारेची लांबी सुमारे ३२.५ सेंटिमीटर आणि कंपनसंख्या ६५९ असते. त्यांचा गुणाकार २१४ येतो. ताणाच्या भाषेत बोलायचे तर ही तात आपल्या सहनशक्तीच्या जवळजवळ सत्तर टक्क्यांवर काम करीत असते. ती वारंवार तुटत असे, आणि सर्वांत आधी तिच्याच जागी पोलादी तार आली, यात नवल नाही. याउलट डबल बास या अजस्र वाद्याच्या सर्वांत वरच्या, म्हणजे ‘जी’ तारेची लांबी सुमारे १०६ सेंटिमीटर आणि कंपनसंख्या ९८ असते. गुणाकार केवळ १०४. येथे तातीवरचा ताण तिच्या सहनशक्तीच्या सहाव्या हिश्श्याइतकाच असतो. म्हणजे डबल बासची तात ताणाने तुटत नाही. ती निकामी होते ती वेगळ्याच कारणांनी. टिकाऊपणाचा प्रश्न हा केवळ तुटण्याचा प्रश्न नाही, हे येथे स्पष्ट व्हावे.

सारंगीवरील झीज

सारंगीवर मुख्य तारा तीन, आणि त्या तातीच्या असतात. त्यांच्याखाली धातूच्या पस्तीसच्या आसपास तरफा असतात, ज्या मुख्य तारेच्या स्वराला प्रतिसाद देतात. सारंगीचे वादनतंत्र जगातील बहुतेक गजवाद्यांहून निराळे आहे. व्हायोलिन वाजविणारा बोटाच्या अग्राने तार पट्टीवर दाबतो. सारंगीया तार कशावरही दाबीत नाही; तो डाव्या हाताच्या नखांच्या मुळाकडील भाग तारेच्या बाजूला टेकवतो आणि तारेवरून सरकवीत जातो. मींड, गमक आणि गळ्यातून निघावी तशी अखंड स्वररेषा या तंत्रातून साधते. हात सहज सरकावा म्हणून बोटांना पावडर लावण्याची पद्धत आहे.

या तंत्राचा तातीवर होणारा परिणाम सरळ आहे. नख ही कठीण वस्तू तातीच्या एकाच बाजूवर हजारो वेळा घासली जाते. पृष्ठभागावरील तंतू प्रथम उचकटतात आणि बारीक केसांसारखे उभे राहतात. मग त्या ठिकाणी तात एका अंगाने पातळ होते. तुटण्याच्या कितीतरी आधी ती ‘खोटी’ होते. म्हणजे एकाच लांबीच्या तारेतून एकच निश्चित स्वर न निघता त्यात दोन जवळच्या स्वरांची कुरबुर ऐकू येते. लखनौमध्ये कथकच्या साथीला लेहरा धरणाऱ्या सारंगीयाच्या बाबतीत ही झीज अधिकच एकांगी होते. संगीत नाटक अकादमीच्या आश्रयाने १९७२ मध्ये लखनौ येथे कथक केंद्र सुरू झाले. नर्तक आपले तोडे, परण आणि गती सादर करीत असता सारंगीने तालाच्या एका आवर्तनाची तीच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवावयाची असते. ख्यालाच्या साथीत नख तारेच्या सर्व लांबीवर फिरते. लेहऱ्यात ते त्याच चार-पाच जागांवर तासन् तास येते, आणि तात नेमकी तेथेच खाल्ली जाते.

झिजेचे दुसरे कारण घाम. घामातील क्षार आणि आम्ल तातीत मुरतात व तिच्या तंतूंना जोडून ठेवणारा बंध सैल करतात. तिसरे कारण हवेतील ओलावा, आणि लखनौच्या हवेत ते सर्वांत महत्त्वाचे आहे. कोलॅजन पाणी शोषून घेते. ओली झालेली तात आडवी फुगते. परंतु ती पिळलेली असल्याने, भिजलेल्या सुती दोराप्रमाणे, लांबीने आखडू पाहते आणि त्यामुळे ताण वाढतो. त्याच वेळी शोषलेल्या पाण्याने तिचे वजन वाढते आणि तिचे द्रव्य मऊ पडून सैलावते. त्यामुळे स्वर उतरतो. हे दोन परस्परविरोधी परिणाम एकाच वेळी चालू असल्याने पावसाळ्यात सारंगीचा स्वर कोणत्या दिशेने सरकेल याचा भरवसा राहत नाही. वादक मैफलीत पुन्हा पुन्हा खुंट्या पिळताना दिसतो, त्याचे कारण हेच.

एकदा ओली होऊन एकदा वाळण्याने तातीचे फारसे बिघडत नाही. परंतु ऋतूमागून ऋतू हा फुगण्याचा व आखडण्याचा खेळ चालला म्हणजे तिच्या पट्ट्या एकमेकींपासून सुटू लागतात. उन्हाळ्याच्या लूमध्ये ती ठिसूळ होते. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. शिवाय ती प्राणिज असल्याने किडे आणि उंदीर यांचे ते अन्नच असते. बंद पेटीत महिनोन् महिने पडून राहिलेल्या सारंगीची तात न वाजविताच निकामी होते, ती यामुळे.

मंद्र स्वरांची अडचण : डबल बास

डबल बास हे वाद्य लखनौच्या मैफलीत सहसा आढळत नाही. परंतु मराठी मुलखाला ते अपरिचित नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळत असे, आणि तेथे या वाद्याचा पोर्तुगीज नावाने, ‘रबेकांव’ म्हणून, उल्लेख होई. तेथून मुंबईस आलेल्या वादकांनी विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस आणि सबॅस्टियन डिसूझा ही नावे या संदर्भात सुप्रसिद्ध आहेत. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिंफनी वाद्यवृंद स्थापन केला. २००६ मध्ये नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली. या सर्व वृंदांचा पाया डबल बासच्या मंद्र स्वरांवर उभा असतो. समुद्रकाठची हवा तातीला लखनौच्या पावसाळ्याइतकीच प्रतिकूल असते. फरक इतकाच, की मुंबईत ती प्रतिकूलता जवळजवळ वर्षभर टिकते.

डबल बासच्या चार तारा ‘ई’, ‘ए’, ‘डी’ आणि ‘जी’ या स्वरांत मिळवितात. त्यांतील सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या ४१ च्या थोडी वर असते. प्रत्येक तारेवर २५ किलोच्या वजनाइतका ताण धरला, तर मेर्सेनच्या नियमानुसार ‘जी’ स्वरासाठी सुमारे २.४ मिलिमीटर जाडीची तात पुरते. मात्र ‘ई’ स्वरासाठी ती ५.६ मिलिमीटर लागेल. इतकी जाड तात म्हणजे दोरखंडच. ती ताठ असल्याने गजाने नीट हलत नाही, आणि तिचा स्वर बोदा येतो. यावर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात उपाय निघाला. मधोमध बारीक तातीचा गाभा ठेवून त्याच्यावर तांब्याची किंवा चांदीची बारीक तार घट्ट गुंडाळली, की गाभा लवचीक राहतो आणि वजन मात्र धातूमुळे वाढते. मंद्र स्वरांची अडचण यामुळे दूर झाली.

परंतु टिकाऊपणाच्या दृष्टीने या वेष्टित तारेने एक नवीच अडचण निर्माण केली. गाभा प्राणिज आणि वेष्टन धातूचे. एक ओलाव्याने फुगतो व कोरडेपणाने आक्रसतो, दुसरे मुळीच बदलत नाही. कोरड्या ऋतूत गाभा आक्रसला की वेष्टन त्याच्यावर सैल पडते. मग गज फिरविताच झणझण ऐकू येते, आणि जोरात बोट सरकविल्यास वेष्टनाचे वेढे एकीकडे सरकून मध्ये फट पडते. तार तुटलेली नसते, परंतु ती वाजविण्याजोगी उरत नाही. वेष्टनाला सर्वाधिक इजा होते ती घोडीवर आणि मानेच्या टोकाच्या मेरूवर. तेथील खाच तारेपेक्षा अरुंद असेल, तर स्वर मिळविताना तार तीतून खेचली जाऊन वेष्टन सोलले जाते. पुष्कळदा तारेच्या माथी मारला जाणारा दोष वस्तुतः या खाचेचा असतो.

कृत्रिम तंतूंचे आगमन

नायलॉनचा शोध अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ मध्ये लावला. जर्मनीत पाउल श्लाक यांनी १९३८ मध्ये त्याच जातीचा, पुढे पेर्लॉन या नावाने प्रसिद्ध झालेला धागा तयार केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तात शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवली जाऊ लागली, तेव्हा वादकांपुढे टंचाई उभी राहिली. अमेरिकेतील आल्बर्ट ऑगस्टीन यांनी गिटारसाठी नायलॉनच्या तारा बनविल्या आणि स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोविया यांनी त्या स्वीकारल्या. शास्त्रीय गिटारवरील तात थोड्याच वर्षांत मागे पडली. व्हायोलिनच्या जगात हा बदल सावकाश झाला. व्हिएन्नातील टोमास्टिक या कारखान्याने १९७० मध्ये पेर्लॉनचा गाभा आणि धातूचे वेष्टन असलेली तार बाजारात आणली, आणि तातीसारखा स्वर व धातूसारखा टिकाऊपणा यांचा मेळ घालण्याचा तो यशस्वी प्रयत्न ठरला. डबल बासवर त्याच्याही आधी पोलादी तारांचे राज्य सुरू झाले होते. कृत्रिम गाभ्याच्या तारा तेथे तातीच्या मऊ स्वराची उणीव भरून काढण्यासाठी आल्या.

कृत्रिम धागा ओलाव्याला तातीइतका वश होत नाही, त्याला कीड लागत नाही आणि त्याची जाडी यंत्राने सर्वत्र सारखी राखता येते. एवढ्यावरून तो सर्वथा श्रेष्ठ आहे असे मात्र म्हणता येणार नाही. त्याचे स्वतःचे असे दोष आहेत. पहिला दोष म्हणजे तो ताणाखाली सावकाश लांबत राहतो. नवी नायलॉनची तार चढविल्यावर काही दिवस ती पुन्हा पुन्हा उतरते, आणि जाड तारेच्या बाबतीत हा काळ अधिक मोठा असतो. दुसरा दोष घनतेचा. तातीची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट, तर नायलॉनची १.१४ पट आहे. तोच स्वर, तीच लांबी आणि तोच ताण राखावयाचा तर नायलॉनची तार सुमारे सात टक्के अधिक जाड घ्यावी लागते, आणि आधीच जाड असलेल्या मंद्र तारेत ही वाढ लगेच जाणवते. तिसरा दोष पृष्ठभागाचा. नायलॉन निसरडे असल्याने गजाचे केस त्याला तातीसारखे पकडत नाहीत. राळ अधिक लावावी लागते. चौथा दोष अंतर्गत घर्षणाचा आहे. नायलॉनमध्ये उच्च आंशिक स्वर लवकर विरतात, म्हणून त्याचा नाद स्वच्छ असला तरी काहीसा मंद वाटतो.

तातीसारखा स्वर देण्यासाठी मुद्दाम मऊ ठेवलेल्या वेष्टित कृत्रिम तारांच्या टिकाऊपणाबद्दल डबल बासच्या वादकांची तक्रार नेहमी ऐकू येते, आणि तिचे कारण आता वाचकाला सहज कळेल. मऊ गाभा म्हणजे दबणारा गाभा. तारेला जोराने ओढून सोडण्याची जी रीत लोकप्रिय संगीतात आहे, तिच्यात गाभा प्रत्येक ठोशाला दबतो आणि वरचे वेष्टन त्याच्यावर घट्ट बसून राहत नाही. वेष्टन पातळ ठेवले तर ते लवकर झिजते. जाड ठेवले तर तार ताठ होऊन तातीसारखा स्वरच हरवतो. म्हणजे मार्दव आणि टिकाऊपणा ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. अमेरिकेतील काही वादकांनी तर गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात तो जाड नायलॉनचा दोर वाद्यावर चढवून पाहिला आहे. तो स्वस्त आणि जवळजवळ अमर असतो. गजाने वाजविण्यास मात्र तो योग्य नाही.

या बाबतीत एक इशारा आवश्यक आहे. तातीसाठी बनविलेल्या वाद्यावर पोलादी तारा चढविताना केवळ तारेच्या आयुष्याचा विचार करून चालत नाही. पोलादी तारेचा ताण सामान्यतः अधिक असतो, आणि तो भार घोडीमार्फत वाद्याच्या पोटावर येतो. डबल बासची लाकडी पाटी अशा भाराने कालांतराने खचू शकते. सारंगीचे पोट तर चामड्याचे असते, आणि तरफांचा भार त्याच्यावर आधीच असतो. टिकाऊ तारेच्या हौसेने वाद्याचेच आयुष्य कमी करणे हा सौदा शहाणपणाचा नव्हे.

जुना धडा : रबाब, सुरशृंगार आणि सरोद

तातीच्या जागी धातू आणण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. एकोणिसाव्या शतकात तानसेनाच्या वंशपरंपरेतील रबाबिये काशी आणि लखनौ येथील दरबारांत होते. त्यांच्या रबाबाला तातीच्या तारा आणि चामड्याचे पोट असे. परंपरेत अशी कथा सांगतात की, काशीनरेशांच्या दरबारात पावसाळ्यात बीनकाराशी सामना झाला असता जाफर खाँ यांच्या रबाबाची तात आणि चामडे ओलाव्याने सैल पडले. त्यांनी मुदत मागून घेतली आणि एक नवे वाद्य घडवून आणले. त्याचे पोट लाकडाचे, पट्टी धातूची आणि तारा धातूच्या होत्या. हाच सुरशृंगार. ही निर्मिती काही जण प्यार खाँ यांच्याकडे देतात. कथेचा तपशील कसाही असो, तिच्या मुळाशी असलेली अडचण खरी आहे : पावसाळा आणि तात यांचे वैर.

सरोदाची कथाही अशीच आहे. अफगाण रबाबापासून विकसित झालेल्या या वाद्याला तातीच्या जागी धातूच्या तारा व लाकडी पट्टीच्या जागी धातूचा पत्रा बसविण्याचे श्रेय परंपरेने निआमतुल्ला खाँ यांना दिले जाते. अवधचे नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये पदच्युत होऊन कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्ज येथे गेले. १८८७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तेथे त्यांचा संगीतदरबार भरत होता, आणि निआमतुल्ला खाँ त्याच दरबाराशी संबंधित होते. धातूच्या तारेमुळे नाद दीर्घकाळ टिकू लागला, मींड लांब घेता येऊ लागली आणि आजचा सरोद जन्मास आला.

या दोन उदाहरणांतून जे शिकावयाचे ते दुहेरी आहे. तार बदलली तेव्हा जुने वाद्य केवळ अधिक टिकाऊ झाले नाही. ते निराळेच वाद्य झाले. सरोद या बदलाने बहरला. सुरशृंगाराच्या तारा रबाबाच्या तातीपेक्षा कितीतरी अधिक टिकणाऱ्या होत्या, तरीही रबाबाप्रमाणे तोही मैफलीतून जवळजवळ नाहीसा झाला. वाद्य जगते ते वाजविणारे, ऐकणारे आणि घडविणारे असतात म्हणून. तारेचे आयुष्य हा त्यातील एक भाग आहे, संपूर्ण उत्तर नव्हे.

सारंगीच्या बाबतीत हा विचार विशेष लागू पडतो. पंडित रामनारायण यांनी मुंबईत राहून तिला साथीच्या वाद्याच्या पायरीवरून स्वतंत्र मैफलीच्या वाद्याचे स्थान मिळवून दिले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मानवी कंठाच्या सर्वांत जवळचे वाद्य म्हणून सारंगीची जी ख्याती आहे, ती पुष्कळ अंशी तातीची देणगी आहे. तातीचा पृष्ठभाग गजाला किंचित अडवतो, तिचा नाद प्रथम थोडा खरखरीत होऊन मग खुलतो, आणि नखाच्या सूक्ष्म दाबाला ती प्रतिसाद देते. पोलादी तार अधिक तेजस्वी वाजते, परंतु कंठातील हे दाणेदारपण तिच्यात येत नाही. उलट, तात महाग आणि दुर्मीळ झाली तर नव्या विद्यार्थ्याला रोज चार तास रियाझ करणेच परवडणार नाही. आणि ज्याचा हात बसला नाही त्याला उत्तम तातीचाही उपयोग नाही. 

निगा आणि निवड

म्हणून व्यवहारात मधला मार्ग काढणे श्रेयस्कर. प्राथमिक अभ्यासासाठी चांगल्या प्रतीची कृत्रिम तार लावण्यास हरकत नाही. तिच्यावर नखाची जागा आणि गजाचा दाब शिकता येतो. मैफलीसाठी आणि प्रगत शिक्षणासाठी तात राखून ठेवावी. तातीचे आयुष्य वाढविणे पुष्कळसे वादकाच्याच हाती असते. वादनानंतर कोरड्या, मऊ कापडाने घाम आणि राळ पुसून काढावी. उन्हाळ्यात तात कोरडी पडू लागली म्हणजे बदामाचे किंवा ऑलिव्हचे तेल कापडाला अगदी थोडे लावून तिच्यावरून फिरवावे. गज जेथे लागतो तेवढी जागा मात्र तेलापासून दूर ठेवावी, नाहीतर गजाची पकड जाईल. उभे राहिलेले तंतू ओढून काढू नयेत, कारण ओढल्याने ते मुळापर्यंत सोलत जातात. ते नखे कापण्याच्या साधनाने पृष्ठभागालगत छाटावेत. घोडीच्या व मेरूच्या खाचा तारेच्या जाडीला जुळत्या व गुळगुळीत असाव्यात, आणि त्यांत शिसपेन्सिलीची थोडी पूड भरावी. खुंटीकडे तारेची थोडी अधिक लांबी गुंडाळून ठेवली असेल, तर झिजलेली जागा नखाखालून बाजूला सरकविता येते आणि त्याच तातीवर आणखी काही दिवस निघतात. सर्व तारा एकदम न काढता एकेक करून बदलाव्यात, म्हणजे घोडी जागची हलत नाही. पावसाळ्यात वाद्य भिंतीला लावून ठेवू नये. ते गवसणीत घालून जमिनीपासून उंच ठेवावे, आणि रोज थोडा वेळ वाजवावे.

तातीचा कारागीर उरला नाही तर ही सर्व निगा व्यर्थ आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. मिरज येथील सतार आणि तंबोरे यांना २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि वाद्ये घडविणाऱ्या हातांची त्या निमित्ताने समाजाला ओळख झाली. तात पिळणाऱ्या हातांची अशी ओळख कोठेही झालेली नाही. कत्तलखान्याशी जोडलेला, दुर्गंधीचा आणि हलका समजला जाणारा हा धंदा आहे. मैफलीतील रसिकाला त्याचे स्मरणही होत नाही. संगीताच्या अकादमी आणि विद्यापीठे जेथे सारंगीच्या वर्गाची व्यवस्था करतात, तेथेच तातीच्या पुरवठ्याची, तिच्या प्रतीच्या तपासणीची आणि ती बनविण्याच्या कलेच्या शिक्षणाचीही व्यवस्था झाली, तर तात की कृत्रिम तार हा निर्णय टंचाईमुळे लादला न जाता वादकाला आपल्या कानाने करता येईल.